रेफरीचा मान आणि क्लबची मालकी

इंग्लंडमध्ये गेली काही वर्षे एक तक्रार वारंवार कानावर येते. वडिलांचा हात धरून लहानपणी पहिल्यांदा मैदानावर गेलेला आणि त्यानंतर आयुष्यभर एकाच क्लबशी निष्ठा राखलेला माणूस सांगतो की आता फुटबॉलमध्ये जीव रमत नाही. तिकीट परवडत नाही, गोल झाला तरी तो टिकेल याची खात्री नसल्यामुळे मोकळेपणाने ओरडता येत नाही, खेळाडू घोळक्याने रेफरीच्या अंगावर धावून जातात, आणि आपल्या क्लबचा मालक कोण असे विचारले तर उत्तरात एखाद्या परदेशी सरकारचे किंवा गुंतवणूक निधीचे नाव येते. एवढे सांगून झाले की तो रग्बीचे नाव काढतो. तिथे रेफरीला मान आहे, दोन्ही संघांचे लोक शेजारी बसून सामना पाहतात, खेळाडू खोटे लोळत नाहीत, खेळ अजून खेळ उरला आहे, असे त्याचे म्हणणे असते. आपल्याकडे रात्र जागवून प्रीमियर लीग पाहणाऱ्यांनाही यातली अर्धीअधिक तक्रार ओळखीची वाटेल.

या तक्रारीत तथ्य आहे आणि रग्बीचे कौतुकही पोकळ नाही. मात्र त्यातून 'फुटबॉल सोडा, रग्बी धरा' असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. रग्बीतल्या ज्या गोष्टी मोह घालतात त्यातल्या बऱ्याचशा नियमांनी घडवलेल्या आहेत आणि फुटबॉलला त्या हव्या तेव्हा उचलता येतील. फुटबॉलमध्ये जे खरोखर हातचे गेले आहे ते म्हणजे क्लबवरचा गावाचा हक्क, आणि तो रग्बीकडे वळल्याने परत मिळणार नाही, कारण रग्बीतही तो झपाट्याने निसटतो आहे. शिवाय तो राखण्यासाठी रस्त्यावर उतरण्याची जी सवय फुटबॉलच्या प्रेक्षकाने गेल्या पंचवीस वर्षांत अंगी बाणवली, ती रग्बीच्या प्रेक्षकाला अजून लागलेली नाही.

आधी तक्रारीचे मूळ पाहू. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर पोलिसांच्या बेजबाबदार बंदोबस्तामुळे गर्दीत चिरडून लिव्हरपूलचे ९७ चाहते दगावले. त्या दुर्घटनेची चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० मध्ये अंतिम अहवाल दिला आणि वरच्या श्रेणींतल्या मैदानांवर उभ्याने सामना पाहण्याच्या जागा काढून सर्वत्र खुर्च्या बसवाव्यात अशी शिफारस केली. मात्र खुर्ची आली म्हणून गरीब प्रेक्षक बाहेर फेकला जाऊ नये, हेही टेलर यांनी त्याच अहवालात बजावले होते, आणि त्यासाठी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचे उदाहरण दिले होते, जिथे त्या काळी उभ्याने पाहायला चार पौंड आणि बसून पाहायला सहा पौंड पडत. क्लबांनी शिफारशीचा पहिला भाग अमलात आणला आणि दुसरा विसरून टाकला. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, दूरचित्रवाणीचा पैसा आला, मैदाने चकचकीत आणि सुरक्षित झाली. ती सुरक्षितता मोठीच कमाई होती आणि जुन्या मैदानांची आठवण काढून हळहळणाऱ्यांनी हे विसरता कामा नये. पण त्याच काळात तिकिटाचे दर महागाईच्या कितीतरी पुढे धावले, आणि गोदीत, गिरणीत किंवा कारखान्यात काम करणाऱ्या बापाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने मित्रांबरोबर ऐन वेळी मैदानावर जाऊन उभे राहायचे, ही शंभर वर्षांची रीत मोडली.

प्रीमियर लीगने देशांतर्गत प्रक्षेपणाचे २०२५ ते २०२९ या चार हंगामांचे हक्क सुमारे ६७० कोटी पौंडांना विकले आहेत. इतकी रक्कम मोजणारा सामन्याची वेळ ठरवण्याचा अधिकार मागणारच, आणि तो त्याला मिळालेला आहे. शनिवारी दुपारी तीनचा सामना हा इंग्लंडमधल्या अनेक घरांच्या आठवड्याचा कणा होता; आता सोमवारी रात्री आठ वाजता देशाच्या दुसऱ्या टोकाला सामना लागतो आणि शेवटची गाडी चुकणार हे ठाऊक असूनही लोक जातात. त्यांच्या गाण्यांमुळे, झेंड्यांमुळे आणि आरोळ्यांमुळेच प्रक्षेपण विकले जाते, तरी वेळापत्रक ठरवताना त्यांना विचारले जात नाही.

त्यातच व्हिडिओ तपासणी आली. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमच्या मैदानावर जे घडले ते नीट पाहण्याजोगे आहे. लिव्हरपूलच्या लुईस दियासने गोल केला आणि सहायक रेफरीने ऑफसाइडचा, म्हणजे खेळाडू नियमबाह्यपणे पुढे असल्याचा, झेंडा वर केला. व्हिडिओ कक्षातल्या अधिकाऱ्यांनी चित्रण तपासले आणि दियास ऑफसाइड नव्हता हे त्यांना स्पष्ट दिसले. मात्र मैदानावर गोल दिलेलाच आहे अशा समजुतीत त्यांनी तपासणी पूर्ण झाल्याचे कळवून टाकले, आणि मैदानावरच्या रेफरीने त्याचा अर्थ गोल नाही असा घेतला. खेळ सुरू झाला. काही सेकंदांतच कक्षातल्यांना आपली चूक उमगली, पण चेंडू पुन्हा खेळात आलेला असल्यामुळे नियमाने आता खेळ थांबवता येत नाही, असे म्हणून ते थांबले. लिव्हरपूल तो सामना अगदी शेवटच्या क्षणी झालेल्या स्वयंगोलमुळे २-१ ने हरले. कक्षातले संभाषण लोकांना ऐकायला मिळाले ते काही दिवसांनी. मैदानात बसलेल्या साठ हजारांवर माणसांना त्या वेळी आपल्यासमोर नेमके काय चालले आहे याचा पत्ता नव्हता, आणि माझ्या दृष्टीने गुन्हा आहे तो हाच. चूक कोणाच्याही हातून होते. पण पैसे मोजून आलेल्या, त्या निकालावर जीव टांगून बसलेल्या माणसाला अंधारात ठेवून दूरच्या कुठल्यातरी खोलीत निवाडा होतो, तेव्हा त्याला आपण तिथे नसतो तरी चालले असते असे वाटू लागते. जून २०२४ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनने ही पद्धतच बंद करण्याचा ठराव मांडला, तेव्हा वीसपैकी एकोणीस क्लबांनी त्याच्या विरोधात मत दिले.

अशा माणसाला रग्बीच्या सामन्यात बसवले तर त्याला काय दिसते? रेफरीच्या अंगावर मायक्रोफोन असतो आणि तो काय बोलतो, कोणाला कशासाठी समज देतो, व्हिडिओ अधिकाऱ्याला नेमका कोणता प्रश्न विचारतो, हे सारे प्रक्षेपणात ऐकू येते. ज्या दृश्यावरून निर्णय होतो तेच दृश्य मैदानातल्या मोठ्या पडद्यावर दाखवले जाते. रेफरीशी बोलायचे तर कर्णधाराने बोलायचे आणि त्यानेही 'सर' म्हणून बोलायचे. निर्णयावर कुणी हुज्जत घातली तर दंडाची किक दहा मीटर पुढे नेली जाते, म्हणजे तोंड सुटण्याची किंमत लगेच, मैदानावरच आणि साऱ्या संघाला मोजावी लागते. वेल्सचे प्रसिद्ध रेफरी नायजेल ओवेन्स यांनी २०१२ मधल्या एका सामन्यात तक्रार करणाऱ्या खेळाडूला कर्णधारासह जवळ बोलावून घेतले, इथे रेफरी मी आहे, तू नाहीस, आणि हे फुटबॉल नव्हे, असे शांतपणे सुनावले, आणि ते चित्रण जगभर पाहिले गेले. घड्याळ थांबते, सुरू होते आणि सर्वांना दिसते, त्यामुळे वेळ खाण्यात फारसा फायदा उरत नाही. कुणी जखमी झाला तर उपचार करणारे आत येतात आणि शक्य असेल तोवर खेळ चालू राहतो, त्यामुळे लोळत पडून सामना थोपवण्याची युक्ती फारशी चालत नाही.

प्रेक्षकांतला फरक तर डोळ्यांत भरतो. फुटबॉलमध्ये पाहुण्या संघाच्या चाहत्यांना वेगळ्या दाराने आत घेऊन वेगळ्या कोपऱ्यात बसवतात आणि मध्ये सुरक्षारक्षकांची रांग उभी असते. १९८५ च्या कायद्यानुसार मैदान नजरेच्या टप्प्यात असलेल्या जागी बसून मद्य घेणे फुटबॉलच्या प्रेक्षकाला आजही गुन्हा ठरतो. त्याच माणसाने पुढच्या आठवड्यात लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर रग्बी पाहताना हातात बिअरचा पेला धरला आणि शेजारी विरुद्ध संघाचा टीशर्ट घातलेला अनोळखी गृहस्थ बसला, तर कोणाचीच हरकत नसते. एकाच नागरिकाला सरकारने दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वागवायचे, आणि ज्या ठिकाणी संशयाने वागवले जाते तिथल्या प्रेक्षकाला मग उद्धट म्हणायचे, हे मला न्याय्य वाटत नाही. त्या कायद्याला तेव्हाच्या दंगलींची पार्श्वभूमी होती हे खरे. पण चाळीस वर्षांत पिढ्या बदलल्या, मैदाने बदलली, कॅमेरे आले, आणि कायदा आहे तिथेच आहे.

आता यातले किती रग्बीच्या स्वभावातले आहे आणि किती नियमातले? फुटबॉलने रग्बीची दहा मीटरांची शिक्षा एकदा उचललीही होती, हे आज फार थोड्यांच्या लक्षात आहे. २००० सालापासून इंग्लिश फुटबॉलमध्ये फ्री किकवर हुज्जत घातली की चेंडू दहा यार्ड पुढे नेण्याचा प्रयोग चालला, आणि २००५ मध्ये तो आंतरराष्ट्रीय पातळीवरून गुंडाळला गेला. खालच्या स्तरावर, म्हणजे रविवारी सकाळी सार्वजनिक मैदानांवर होणाऱ्या हौशी सामन्यांत, रेफरीशी वाद घालणाऱ्याला दहा मिनिटे बाहेर बसवण्याचा प्रयोग इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने केला, तेव्हा अशा वादांत एकूण ३८ टक्के घट झाली आणि २०१९ पासून तो नियम हौशी फुटबॉलला सरसकट लागू झाला. हीच शिक्षा वरच्या पातळीवर आणण्याची चर्चा २०२४ च्या सुरुवातीला निघाली, तेव्हा फिफाने ती उडवून लावली. त्याच वर्षीच्या युरो स्पर्धेत केवळ कर्णधारानेच रेफरीपाशी जायचे असा दंडक युरोपीय संघटनेने घातला आणि कोट्यवधींचे खेळाडू तो मुकाट्याने पाळताना दिसले. खेळाडू तेच, त्यांचे संस्कारही तेच. नियम बदलला आणि वागणे बदलले. म्हणून फुटबॉलमधली बेशिस्त हा त्या खेळाचा किंवा तो खेळणाऱ्या वर्गाचा स्थायिभाव आहे, हे म्हणणे टिकत नाही. ज्यांच्या हाती नियम आहेत त्यांना ते बदलावेसे वाटत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ आहे.

या मुद्द्यावर जरा थांबायला हवे, कारण रग्बी सभ्य माणसांचा आणि फुटबॉल दांडगटांचा, ही इंग्लंडमधली जुनी म्हण या चर्चेत हमखास ऐकवली जाते, आणि तिच्यामागचा इतिहास सभ्य म्हणावा असा नाही. १८६३ मध्ये लंडनमध्ये फुटबॉलचे सामायिक नियम ठरवायला क्लबांचे प्रतिनिधी जमले, तेव्हा चेंडू हातात घेऊन धावणे आणि प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारणे नियमांत ठेवावे असा आग्रह धरणारा ब्लॅकहीथ क्लब मान्यता न मिळाल्याने बाहेर पडला. १८७१ मध्ये रग्बीची स्वतंत्र संघटना उभी राहिली तिच्या संस्थापकांत तो होता. फुटबॉलने १८८५ मध्ये खेळाडूला मेहनताना देणे कायदेशीर केले आणि गिरणी कामगाराला खेळावर पोट भरण्याचा मार्ग मोकळा केला. रग्बीच्या धुरीणांनी याच्या उलट भूमिका घेतली. यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या खाणींत व गिरण्यांत राबणाऱ्या खेळाडूंची शनिवारी सामन्यासाठी मजुरी बुडे, ती भरून द्यावी एवढीच उत्तरेकडच्या क्लबांची मागणी होती. ती फेटाळली गेल्यावर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात वीसेक क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि त्यातूनच रग्बी लीग हा तेरा जणांचा वेगळा खेळ पुढे घडला. त्यानंतर शंभर वर्षे, १९९५ पर्यंत, जो कोणी मोबदल्यासाठी तिकडे गेला त्याला मूळच्या पंधरा जणांच्या रग्बीची, म्हणजे रग्बी युनियनची, दारे कायमची बंद होत. मजूर प्रेक्षक आणि मजूर खेळाडू यांना बाहेर ठेवून जी शांतता मिळते तिला संस्कृतीचे नाव देणे चूक आहे. वेल्सच्या खाणींच्या खोऱ्यांत, आयर्लंडमधल्या लिमरिकला किंवा फ्रान्सच्या नैर्ऋत्येला रग्बी हा साध्या माणसांचा खेळ झाला आणि तिथेही रेफरीचा मान राहिला, हे पाहिले की तो मान उमरावांच्या मुलांच्या खासगी शाळांची देणगी नाही, हे ध्यानात येते.

आणि अप्रामाणिकपणा रग्बीत नाही असेही नाही. २००९ मध्ये हार्लेक्विन्स या लंडनच्या रग्बी क्लबच्या एका खेळाडूने तोंडात नकली रक्ताची कुपी फोडून जखमी असल्याचा बहाणा केला, बदली खेळाडूला आत आणण्यासाठी. त्या प्रकरणात प्रशिक्षक डीन रिचर्ड्स यांना तीन वर्षांची बंदी सोसावी लागली. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला १२-११ असे हरवले, त्यानंतर रेफरी वेन बार्न्स यांना आणि त्यांच्या कुटुंबाला समाजमाध्यमांवर इतक्या गलिच्छ धमक्या आल्या, की रेफरीच्या मानाबद्दल रग्बीने स्वतःची पाठ थोपटून घेण्याचे दिवस सरले असे समजावे. व्हिडिओ अधिकारी टॉम फोली यांनी तर त्या त्रासापायी आंतरराष्ट्रीय सामन्यांतून अंग काढून घेतले. तरीही रग्बीच्या बाजूने एक गोष्ट निर्विवाद सांगता येते. खेळाडूंच्या पगाराची मर्यादा ओलांडल्याबद्दल इंग्लंडचा त्या वेळचा विजेता संघ सॅरसन्सला २०१९ मध्ये ३५ गुणांची वजावट आणि ५० लाख पौंडांहून अधिक दंड झाला, आणि पुढच्या वर्षी तो खालच्या श्रेणीत गेलाही. फुटबॉलमध्ये मँचेस्टर सिटीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये आर्थिक नियम मोडल्याचे शंभराहून अधिक आरोप ठेवले गेले आणि त्यांची सुनावणी सुरू व्हायलाच सप्टेंबर २०२४ उजाडला. न्याय इतका रेंगाळला की चाहत्याचा त्यावरचा विश्वास उडतो, मग निकाल कोणताही लागो.

पण मालकीच्या प्रश्नावर रग्बीची स्थिती फुटबॉलपेक्षा नाजूक आहे. न्यूकॅसलचेच पाहा. तिथल्या फुटबॉल क्लबवर ऑक्टोबर २०२१ पासून सौदी अरेबियाच्या सरकारी निधीची मालकी आहे. याला कंटाळून एखादा चाहता त्याच शहराच्या मेट्रोने किंग्स्टन पार्कला रग्बी पाहायला गेला, तर त्याला काय सापडेल? १८७७ साली गॉसफर्थ नावाने सुरू झालेला हा क्लब, रग्बी व्यावसायिक होताच १९९५ मध्ये सर जॉन हॉल यांनी घेतला, जे तेव्हा न्यूकॅसल युनायटेडचेच सर्वेसर्वा होते. त्यांच्या पैशावर संघ १९९८ मध्ये देशाचा विजेता झाला, पुढे वर्षानुवर्षे खर्चाची तोंडमिळवणी करत राहिला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये रेड बुल या शीतपेय कंपनीने तो विकत घेऊन नावातला फाल्कन्स हा शब्द काढला आणि आपले नाव लावले. कंपनीने क्लब बुडण्यापासून वाचवला हे मान्य केले पाहिजे. पण फुटबॉलमध्ये ज्या गोष्टीचा संताप येतो, ती इथे जवळपास निमूटपणे घडली.

बंदिस्त स्पर्धेचेही तसेच. एप्रिल २०२१ मध्ये बड्या क्लबांनी आखलेल्या युरोपियन सुपर लीग या वेगळ्या स्पर्धेविरुद्ध इंग्लंड पेटून उठले ते याच मुद्द्यावर की ठरावीक क्लबांना पराभवाची शिक्षाच असणार नाही. इंग्लिश रग्बीच्या वरच्या श्रेणीतून मात्र २०२१ ते २०२५ या काळात एकही संघ तळाला राहिला म्हणून खाली गेलेला नाही. ईलिंगसारखा क्लब खालची श्रेणी एकाहून अधिक वेळा जिंकूनही, मैदान पुरेसे मोठे नाही या कारणाने वर येऊ शकला नाही. खासगी गुंतवणूक करणाऱ्या सीव्हीसी या संस्थेने इंग्लिश रग्बीच्या या वरच्या श्रेणीचा २७ टक्के हिस्सा घेतला आणि २०२१ मध्ये ३६.५ कोटी पौंडांत सिक्स नेशन्स या सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेचा सातवा हिस्साही. शंभर-दीडशे वर्षांची परंपरा सांगणाऱ्या स्पर्धेच्या उत्पन्नाचा वाटा आता दरवर्षी अशा ठिकाणी जातो, जिथे रग्बी खेळली जात नाही.

सर्वांत बोलके उदाहरण वॉस्प्सचे. १८६७ साली स्थापन झालेला लंडनचा हा क्लब २००४ आणि २००७ मध्ये युरोपचा विजेता होता. पैशाची चणचण भासली म्हणून मालकांनी तो २०१४ अखेर शंभराहून अधिक किलोमीटर दूर कॉव्हेंट्रीला नेला, तिथले मोठे मैदान चालवणारी कंपनी विकत घेतली, आणि त्यासाठी साडेतीन कोटी पौंडांचे कर्जरोखे काढले, ज्यांत सामान्य चाहत्यांनीही आपली बचत घातली. त्या मैदानावर कॉव्हेंट्री सिटी हा गावचा फुटबॉल क्लब भाडेकरू होता. रग्बी क्लबशी करार जमला नाही म्हणून २०१९ पासून दोन हंगाम कॉव्हेंट्रीच्या फुटबॉल चाहत्यांना आपल्याच संघाचे घरचे सामने बर्मिंगहॅमला जाऊन पाहण्याची पाळी आली. पुढे मे २०२२ मध्ये कर्जरोख्यांची परतफेड थकली आणि ऑक्टोबरमध्ये वॉस्प्स दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या ताब्यात गेला. खेळाडू आणि कर्मचारी एका दिवसात बेरोजगार झाले. त्याच हंगामात वूस्टर बंद पडला होता, हंगाम संपताच लंडन आयरिशही गेला, आणि तेरा संघांच्या लीगमध्ये दहा उरले. वूस्टर २०२५ मध्ये खालच्या श्रेणीत परतला, पण तीन वर्षे त्या गावाला संघच नव्हता. मैदान हलवणे, घेतलेल्या कर्जाचा बोजा क्लबवर टाकणे, चाहत्याच्या बचतीवर उड्या मारणे, हे सारे दोष फुटबॉलच्या नावावर जमा आहेत, आणि इथे ते सारे एकाच रग्बी क्लबने करून दाखवले. ते मैदान ऑगस्ट २०२५ मध्ये कॉव्हेंट्री सिटीने स्वतः विकत घेतले, याचा आनंद मला या साऱ्या हकिगतीत विशेष वाटतो.

शरीराचा हिशेबही मांडायला हवा. इंग्लंडने २००३ चा विश्वचषक जिंकला त्या संघातले स्टीव्ह थॉम्प्सन यांनी डिसेंबर २०२० मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, आपल्याला स्मृतिभ्रंश जडल्याचे जाहीर केले आणि तो अंतिम सामना आपल्याला मुळीच आठवत नाही असे सांगितले. त्यांच्यासह अनेक माजी खेळाडूंनी रग्बी संघटनांविरुद्ध कायदेशीर दावा लावला आहे. फुटबॉललाही हा डाग आहेच. माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंत मेंदूच्या अशा विकारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण सर्वसामान्यांच्या साडेतीन पट असल्याचे ग्लासगो विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात दिसले. पण रग्बीत माणसे खोटी लोळत नाहीत असे कौतुक करताना, डोक्याला मार बसूनही उठून उभा राहणारा खेळाडू हा शौर्याचा नमुना मानावा की दुर्लक्षित रुग्ण, याचा विचार प्रेक्षकानेही केला पाहिजे.

फुटबॉलच्या चाहत्याकडे जे आहे ते त्याला स्वतःलाच पुरेसे जाणवत नाही, असे मला वाटते. २००२ मध्ये विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला नेण्यास परवानगी मिळाली, तेव्हा लोकांनी काही आठवड्यांत नवा क्लब काढला, उघड्या मैदानात निवड चाचणी घेऊन संघ उभारला, नवव्या वर्षी, २०११ मध्ये, तो फुटबॉल लीगमध्ये नेला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाऊ लेन रस्त्यावर नवे मैदान बांधून परतले. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने ७७ पौंडांचे तिकीट जाहीर केले, तेव्हा सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला हजारो लोक आघाडीवर असलेल्या आपल्या संघाकडे पाठ फिरवून बाहेर पडले. मालकांनी काही दिवसांत दर मागे घेतले. त्याच वर्षी चाहत्यांच्या संघटनांच्या रेट्यामुळे पाहुण्या प्रेक्षकाच्या तिकिटावर ३० पौंडांची कमाल मर्यादा आली. १८८५ चा, बरी या गावचा क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला, पण लोकांनी चार वर्षांत त्याचे जुने मैदान आणि नाव दोन्ही मिळवून पुन्हा खेळ सुरू केला. आणि सुपर लीगची घोषणा रविवारी रात्री झाली, तर मंगळवारी संध्याकाळी स्टॅम्फर्ड ब्रिजबाहेर चेल्सीच्या चाहत्यांनी रस्ता अडवला होता; क्लबचा माजी गोलरक्षक पेत्र चेक गर्दीत उतरून त्यांना वाट द्यायला विनवत होता, आणि रात्र संपण्यापूर्वी त्यात सामील झालेल्या सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली होती. याच चाहत्यांतले काही नव्या मालकाची तिजोरी पाहून नाचतात, न्यूकॅसलमध्ये सौदी मालकीचे स्वागत हजारोंनी केले, हेही नोंदवायला हवे. पण अब्जावधींचा बेत अठ्ठेचाळीस तासांत उधळून लावणारा दुसरा प्रेक्षक मला कोणत्याही खेळात दिसलेला नाही.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार यांचा सामना पाहिलेल्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. तिथे संघ तालमीचा असतो आणि तालीम पेठेची. त्या चुरशीने हाणामारीचे प्रसंगही आणले आहेत, आणि ते कोणी गोड मानू नयेत. पण संघ कोणाचा, हा प्रश्न तिथे पडत नाही.

इंग्लंडमध्ये आता त्या आंदोलनांतून कायदा आला आहे. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामक नेमला. तो पूर्ण लागू झाल्यावर मैदान विकणे किंवा हलवणे नियामकाच्या मंजुरीशिवाय जमणार नाही, सुपर लीगसारख्या निषिद्ध स्पर्धेत जाता येणार नाही, बोधचिन्ह बदलायचे तर देशातल्या बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा दाखवावा लागेल, आणि तिकिटाच्या दरांबाबत चाहत्यांशी सल्लामसलत करावी लागेल. दरांवर मर्यादा घालण्याचा अधिकार नियामकाला नाही, ही या कायद्यातली मोठी उणीव आहे आणि पुढचा लढा तिथेच व्हायला हवा. रेफरीच्या बाबतीतले रग्बीचे नियमही याच लढ्यात मागून घ्यावेत: हुज्जतीला दहा मिनिटांची शिक्षा आणि व्हिडिओ कक्षातले संभाषण त्याच क्षणी सर्वांना खुले. २०२५-२६ पासून प्रीमियर लीगचे रेफरी आपला निर्णय मैदानात बोलून जाहीर करू लागले आहेत, म्हणजे वाट अडवणारे काही उरलेले नाही.

रग्बीला मात्र हा कायदा लागू नाही. न्यूकॅसलच्या फुटबॉल क्लबचे बोधचिन्ह बदलण्यापूर्वी चाहत्यांचे बहुमत दाखवावे लागेल, आणि त्याच शहरातल्या रग्बी क्लबचे नाव व बोधचिन्ह बदलताना असे काहीही दाखवावे लागले नाही. रग्बीच्या क्लबांत पोटतिडीक नाही असे नव्हे. ३.७९ कोटी पौंडांचा तोटा झालेल्या वर्षात इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या प्रमुखाला बोनससह ११ लाख पौंड मिळाले, तेव्हा गावोगावच्या सदस्य क्लबांनी मार्च २०२५ मध्ये विशेष सभा बोलावून जाब विचारला होता, आणि ठराव हरला तरी तसे विचारण्याचा अधिकार त्यांच्या घटनेत आहे. पण व्यावसायिक क्लबच्या तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाला तो अधिकारही नाही. फुटबॉलला विटून जे लोक तिकडे जात आहेत, त्यांनी आपल्याबरोबर ही मागणी न्यावी: रग्बीच्या व्यावसायिक क्लबांनाही या नियामकाच्या कक्षेत आणा, किंवा त्यांच्यासाठी तशाच अधिकारांचा दुसरा नेमा, आणि तो पुढचा वॉस्प्स बुडण्याआधी नेमा.